आठ जीबीत भागवा!

या शनिवारी खरं तर ट्रेकबद्दल लिहायचं होतं. पण गुरुवारी ऑफिसात जे पाहिलं त्याने डोकं फिरलं, म्हणून आज हार्डवेअर. कंटाळा असेल त्यांनी पुढच्या वीकेंडला यावं.

आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे. दोन वर्षांचा अनुभव, काम नीटनेटकं, पण 'जरा स्लो'. हे 'जरा स्लो' माझेच शब्द. मार्चच्या अप्रेझलमध्ये मीच लिहिले. ती साडेसहाची कंपनीची बस कधी पकडत नाही, आठ-साडेआठला निघते, हेही मला दिसत होतं. त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला. गुरुवारी एका बगसाठी पहिल्यांदाच तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. तिने एक ओळ बदलली, सेव्ह केलं आणि शांतपणे पाण्याची बाटली उघडली. ब्राउझरमध्ये बदल दिसायला २१ सेकंद. माझ्या मशीनवर तोच प्रोजेक्ट, तोच बदल, फार तर तीन सेकंद.

"हे नेहमीच असं?"

"हो. सकाळी सकाळी जरा बरं असतं."

टास्क मॅनेजर उघडला. मेमरी ९६ टक्के. आठ जीबीतली साडेतीन तर विंडोज आणि कंपनीची सिक्युरिटी सॉफ्टवेअरं मिळून सकाळीच खातात. उरलेल्यात एडिटर, त्याच्या पोटातला टाइपस्क्रिप्टचा सर्व्हर, डॉकरमधला डेटाबेस, डेव्ह सर्व्हर, क्रोम आणि मीटिंगचं ॲप. मेमरी संपली की ऑपरेटिंग सिस्टिम पानं डिस्कवर टाकते आणि लागली की परत उचलते. डिस्क कितीही भारी घ्या, रॅमपेक्षा ती शेकडो पटींनी हळूच. म्हणजे ती मुलगी काम करत नव्हती, मशीनच्या सामानाची हलवाहलव बघत बसली होती. आणि मी तिला स्लो म्हणालो!

आता हे मशीन आलं कुठून? तर 'स्टँडर्ड कॉन्फिगरेशन'. अकाउंट्सच्या माणसाला जे, तेच डेव्हलपरला. खरेदीवाल्यांचा हिशोब सोपा, नगामागे काही हजार वाचले. माझाही हिशोब सोपाच आहे. समजा पगार महिना ६०,०००, महिन्याचे तास १७६, म्हणजे तासाला साधारण ३४०. रोजची फक्त ४० मिनिटं अशी वाट बघण्यात गेली तरी महिन्याला साडेचौदा तास, जवळजवळ ५,००० रुपये. लॅपटॉप तीन वर्षं वापरायचा. पुढचा गुणाकार खरेदीवाल्यांनीच करावा, त्यांना कॅल्क्युलेटर आवडतो.

आणि ही वाट बघणं नुसत्या मिनिटांचं नसतं. आयबीएमच्या डोहर्टी आणि थडानी यांनी १९८२ सालीच मांडलं होतं की उत्तर यायला एक सेकंद उशीर झाला की माणूसही पुढची कमांड द्यायला तेवढाच जास्त रेंगाळतो. डोक्यातला धागा सुटतो हो! जोएल स्पोल्स्कीच्या २००० सालच्या बारा प्रश्नांच्या टेस्टमध्ये नववा प्रश्न हाच आहे, पैशाने मिळणारी उत्तमातली उत्तम साधनं तुम्ही वापरता का? पंचवीसहून जास्त वर्षं झाली. आमच्याकडे अजून उत्तर 'अप्रूव्हल पेंडिंग'.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. स्वतःच्या पैशाने घेतात, पण घेतात काय, तर गेमिंग लॅपटॉप! दिव्यांची रोषणाई, अडीच किलोचं धूड आणि एक दणकट ग्राफिक्स कार्ड, जे वेब डेव्हलपमेंट करताना झोपा काढतं. अरे बाबांनो, तुमच्या जावास्क्रिप्टचा मुख्य धागा एकच. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला टाइपस्क्रिप्टचा जुना कंपायलरही बराचसा एकाच कोरवर चालतो, तिथे सोळा कोर कौतुकाने बघत उभे राहतात. (मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने हाच कंपायलर गो भाषेत आणत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा व्हीएस कोडचा प्रोजेक्ट तपासायला ७७.८ ऐवजी ७.५ सेकंद लागल्याचं दाखवलं होतं. कधी कधी उत्तर हार्डवेअरमध्ये नसतंच.) तेव्हा आधी एका कोरचा वेग बघा, मग रॅम. सोळा जीबी ही सुरुवात, कंटेनर चालवत असाल तर बत्तीस. रॅम बोर्डावर डिंकवल्यासारखी पक्की बसवलेली आहे की वाढवता येते, हे पैसे देण्याआधी विचारा. स्टिकरवरच्या आकड्याला भुलू नका, कागदासारख्या पातळ लॅपटॉपमधला भारी प्रोसेसर दहा मिनिटांत तापतो आणि मान टाकतो.

अँटिव्हायरसचं वेगळंच. नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात हजारो बारक्या फाइली, आणि हा पठ्ठ्या प्रत्येकीची झडती घेणार. तो बंद करा असं मी म्हणणार नाही. एनपीएमच्या पॅकेजमधून काय काय घुसतं ते सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. पण विंडोज ११ मध्ये २०२३ पासून डेव्ह ड्राइव्ह नावाची सोय आहे, तिथे डिफेंडर फाइल आधी उघडू देतो आणि तपासणी मागाहून करतो. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टच किमान ८ जीबी सांगतं आणि शिफारस १६ ची करतं. झालं, परत तिथेच आलो.

आमचे एक सीनियर म्हणतात, डेव्हलपरला हळू मशीनच द्यावं, म्हणजे साइट हलकी ठेवायची अक्कल येते. ऐकायला छान आहे. पण ग्राहक तुमची साइट बघतो, कंपाइल करत नाही! त्यासाठी टेबलावर एक स्वस्तातला अँड्रॉइड फोन ठेवा, क्रोममध्ये सीपीयूचा वेग मुद्दाम कमी करून बघा. (या सीनियरांचं स्वतःचं मशीन ३२ जीबीचं आहे. असो.)

आणि हो, २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्सपायी मेमरीचे भाव भडकले, हे मलाही माहीत आहे. खरेदीवाल्यांनी लगेच तीच ढाल पुढे केली. पण भाव पडलेले होते तेव्हा कुठे घेतली होती? तेव्हाही 'पुढच्या क्वार्टरला बघू'च होतं.

शुक्रवारी मी दोन मेल टाकले. पहिला आयटीला, तिच्या लॅपटॉपमध्ये एक स्लॉट रिकामा आहे, त्यात आठ जीबी टाका, खर्च माझ्या प्रोजेक्टवर लावा. दुसरा एचआरला, अप्रेझलमधलं माझं वाक्य मागे घ्यायचं आहे. आयटीचं तिकीट नंबरासकट आलं. एचआरकडून संध्याकाळी उत्तर आलं की सायकल बंद झाली आहे, आता बदल पुढच्या मार्चला. तिला अजून सांगितलेलं नाही. सोमवारी सांगणार आहे, साडेसहाच्या आत.