संशोधन कशास म्हणावे?

वर्षअखेरीस हिशेबाच्या वह्या मिटविताना आमच्या कित्येक सभासद बंधूंस एक शंका पडते. कारखान्यात नवीन काही करून पाहिले, त्याचा खर्च आयकराच्या दृष्टीने 'वैज्ञानिक संशोधन' ठरतो काय? माल व मजुरी यांचा खर्च धंद्याचा म्हणून एरवीही वजा होतोच. खरा प्रश्न यंत्राचा आहे. सामान्य यंत्रावर शिलकी किमतीच्या 15 टक्के घसारा दरसाल मिळतो. संशोधनार्थ घेतलेल्या यंत्राची मात्र सारी किंमत त्याच वर्षी वजा करता येते. तेव्हा मोह उत्पन्न व्हावा यात नवल नाही.

समजा, शिवाजी नगरात राहणाऱ्या व गोविंदपुऱ्यात डाळमिल चालविणाऱ्या एखाद्या बंधूने रंगनिवडीचे तयार यंत्र आणून बसविले. माल सुधारला, गिऱ्हाईक वाढले. तरी आमच्या मते ही खरेदी होय, संशोधन नव्हे. पण तुरीचे टरफल डिंकासारख्या थराने डाळीस घट्ट चिकटलेले असते; ते सुटावे म्हणून तेलपाणी देऊन कित्येक दिवस उन्हात वाळवावे लागते. हा काळ कमी करण्यासाठी त्याच बंधूने स्वतः वाळवणीयंत्र उभारले, निरनिराळ्या उष्णतेवर घाणे काढले, अखंड डाळ किती व चुरी किती हे तोलून पाहिले, तर गोष्ट निराळी. उत्तर आरंभी कोणासच ठाऊक नव्हते. प्रयोग फसला तरी आम्ही त्यास संशोधनच म्हणू.

1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 43(4) ने नैसर्गिक वा उपयोजित विज्ञानातील ज्ञानाचा विस्तार करणाऱ्या कार्यास संशोधन म्हटले, व त्यात शेतीचाही उल्लेख केला. बाजारपेठेची पाहणी, नित्याची गुणतपासणी, वेष्टनाचा नवा रंग यांनी असे ज्ञान वाढत नाही. जमिनीची किंमतही या सवलतीत बसत नाही. 1 एप्रिल 2026 ही अंमलाची तारीख असलेल्या 2025 च्या कायद्यातही संशोधनखर्चाची तरतूद ठेवलेली आहे.

मान्यताप्राप्त प्रयोगशाळा असलेल्या कंपन्यांना एके काळी खर्चाच्या 200 टक्के वजावट मिळे. 2017 च्या एप्रिलपासून ती 150 व 2020 च्या एप्रिलपासून 100 टक्क्यांवर आली. आमच्या भागीदारी पेढ्यांना ती कधी लागूच नव्हती, म्हणून तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

आम्हांस खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. जो बंधू खरोखर प्रयोग करतो, तो त्याची एक ओळही लिहून ठेवीत नाही. पैशापैशाची नोंद कीर्दीत, आणि आठ महिन्यांचा खटाटोप केवळ मुकादमाच्या स्मरणात! मग अधिकाऱ्यापुढे ठेवणार काय? प्रयोगाची निराळी वही असावी. काय शोधावयाचे होते, कोणत्या तारखेस काय केले, काय उतरले, हे तीत त्याच दिवशी लिहावे. नबीबाग येथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेसारख्या ठिकाणी सल्ला घेतला असल्यास ते पत्रही तीतच लावावे. प्रयोगाचे यंत्र पुढे नित्याच्या उत्पादनास जुंपले, तर तो दिवसही नोंदवावा. कारण ज्याची किंमत एकदा संशोधनात वजा केली, त्यावर पुन्हा घसारा मागता येत नाही.