बांबूच्या टोपलीचा हिशेब कोण मांडणार?

खास प्रतिनिधी

मारेगाव : यवतमाळ जिल्ह्याच्या या कापूसपट्ट्यात एकेकाळी हंगाम सुरू झाला की बांबूकाम करणाऱ्यांना उसंत मिळत नसे. कापूस वाहणाऱ्या बंडीला तट्टे लागत, धान्याला कणगी लागे, पाखडायला सूप आणि शेण-माती उचलायला टोपली. मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या तालुक्यांतील कोलाम पोडांवर आणि गावोगावच्या बुरुडांच्या अंगणात या वस्तू तयार होत व शेतकऱ्यांच्या घरी जात. बंडीची जागा ट्रॅक्टरने घेतली, टोपलीची जागा प्लास्टिकच्या घमेल्याने. लग्नकार्यातील सूप-परडीपुरती मागणी उरली आणि कारागीर शेतमजुरीकडे वळला.

या कारागिरांना तारण्याचा मार्ग म्हणून आता शहरातील ग्राहकाकडे बोट दाखवले जाते. मुंबईचे महालक्ष्मी सरस, नागपुरातील हस्तशिल्प मेळावे, ऑनलाइन दुकाने अशा ठिकाणी हस्तकलेच्या वस्तू मांडल्या जातात. ‘गरीब कारागिराला हातभार’ म्हणून शहरी ग्राहक त्या घेतोही. ही भावना चांगलीच आहे. मात्र तिच्या बळावर एखाद्या कुटुंबाची चूल वर्षभर पेटते का, हा खरा प्रश्न आहे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. प्रदर्शनात ४०० रुपयांना विकल्या जाणाऱ्या एका परडीसाठी दोन दिवस लागतात असे समजा. बांबू, वाहतूक, गाळ्यावरचा खर्च आणि न विकल्या गेलेल्या मालाचा वाटा मिळून १६० रुपये गेले, तर हाती २४० रुपये उरतात. म्हणजे दिवसाला १२०. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी २०२५-२६ या वर्षासाठी ३१२ रुपये ठरली होती. ग्राहकाला जी वस्तू ‘महाग’ वाटते, ती कारागिराला मजुरीच्या निम्मेही देत नसेल तर पुढची पिढी हे काम का शिकेल?

अडचण कच्च्या मालापासून

हिशेबातील पहिला आकडा बांबूचा. कायद्याने बांबूला ‘वृक्ष’ मानल्यामुळे तो तोडणे व वाहून नेणे यावर अनेक दशके वनखात्याचे नियंत्रण होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. तो हक्क प्रत्यक्षात उतरायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. त्या दिवशी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार आले. पुढे २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. शेताच्या बांधावरचा बांबू त्यामुळे मोकळा झाला.

या सुधारणांचा लाभ मात्र सर्वांना सारखा नाही. कोलाम ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित ठरवलेल्या आदिम जमातींपैकी एक आहे. ज्या पोडांना सामूहिक वनहक्क मिळाले, तेथे निदान कायद्याचा आधार आहे. गावात वा तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या बुरुडाकडे ना जंगल, ना शेताचा बांध. त्याची भिस्त वनविभागाच्या सवलतीच्या बांबूवर. तो वेळेवर व कामाजोगा मिळाला नाही तर खुल्या बाजारातील भाव मोजण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. कारागिरांसाठीच्या योजना आखताना हे दोन गट एकाच मापाने मोजले जातात, ही मूळ चूक आहे.

नेपाळचा अनुभव

हस्तकलेच्या विक्रीतून कारागिरांना आधार देण्याचा प्रयोग नेपाळने दीर्घकाळ केला आहे आणि त्याचा एक धागा गांधीविचाराशी जोडलेला आहे. गांधीजींच्या सहवासात राहिलेले तुलसी मेहर यांनी नेपाळमध्ये चरख्याचा प्रसार केला. निराधार महिलांसाठी त्यांनी उभारलेल्या कामातूनच पुढे १९८४ मध्ये ‘महागुठी’ ही विक्रीसंस्था आकाराला आली. इकडे विदर्भात १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता आणि १९३८ मध्ये तेथेच मगन संग्रहालय सुरू झाले होते. विचाराचा उगम मारेगावच्या शेजारच्या जिल्ह्यात होता. विक्रीची घडी मात्र काठमांडूत अधिक नेटकी बसली.

महागुठीसारख्या संस्था ज्या न्याय्य व्यापाराच्या चळवळीत आहेत, तिचा एक नियम आपल्याकडे आवर्जून पाहण्याजोगा आहे. हस्तकलेची मागणी नोंदवणाऱ्या खरेदीदाराने, कारागिराने मागितल्यास, किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असते. म्हणजे बांबू, लोकर वा सूत घेण्यासाठी सावकाराच्या दारी जावे लागत नाही आणि माल पडून राहण्याचा धोका एकट्या कारागिराच्या डोक्यावर राहत नाही. आपल्याकडील प्रदर्शनांत नेमके उलटे घडते. माल आधी बनवायचा, स्वखर्चाने न्यायचा आणि ग्राहकाची वाट पाहायची. उरलेला माल घेऊन परतायचे तेही कारागिरानेच.

अवजार मिळाले, पुढे काय?

विदर्भातही उदाहरण नाही असे नाही. मेळघाटात धारणी तालुक्यातील लवादा येथे सुनील व निरुपमा देशपांडे यांनी उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी कारागिरांना टोपलीपलीकडे नेले. फर्निचर, राख्या, शोभेच्या वस्तू आणि बांबूची घरेही तेथून बाहेर पडली. २०२१ मध्ये सुनील देशपांडे यांचे निधन झाले. पण प्रशिक्षण, आरेखन आणि विक्री एका छताखाली आणण्याचा धडा त्यांनी मागे ठेवला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील चिचपल्लीचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र तर मारेगावपासून फार दूर नाही.

सरकारी योजनांचा भर मात्र अजून साधनवाटपावर अधिक दिसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत टोपल्या-चटया विणणारे आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज, अशी तरतूद त्यात आहे. विपणन साह्याचाही उल्लेख आहे. पण तालुक्याच्या पातळीवर ते कोण करणार? यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये जाहीर झालेल्या ३,७५० कोटींच्या पंतप्रधान पॅकेजमधून दुधाळ जनावरे वाटली गेली, तेव्हाही चारा आणि दूधसंकलनाचे काय, असा सवाल विचारला गेला होता. मागणी नसताना घेतलेले कर्ज कारागिराला कोठे नेते, हे कापूस उत्पादकांच्या या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

मारेगावसारख्या तालुक्यासाठी उपाय फार खर्चिक नाहीत. हंगामापूर्वी बांबूचा साठा करणारे सामायिक भांडार, बचत गटांमार्फत वस्तूंची प्रतवारी, आणि शाळा, आश्रमशाळा व शासकीय कार्यालयांकडून कचरापेट्या, ट्रे, चटया यांची वर्षाची नोंदणीकृत मागणी, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. रोपवाटिकांना लागणाऱ्या टोपल्यांचीही त्यात भर घालता येईल. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यांतर्गत ऑनलाइन विक्री करणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना वस्तू व सेवाकराच्या नोंदणीतून सवलत मिळाली आहे. गटांना तिचा फायदा घेता येईल.

शहरी ग्राहकाचीही यात भूमिका आहे. प्रदर्शनात भावात घासाघीस न करणे ही तिची सुरुवात झाली. गृहसंस्था, कार्यालये, शाळा यांनी दिवाळीच्या भेटवस्तूंची मागणी चार महिने आधी नोंदवून निम्मी रक्कम आगाऊ दिली, तर एका परडीच्या खरेदीपेक्षा तो आधार कितीतरी मोठा ठरेल. कोलामाच्या किंवा बुरुडाच्या हातात कसब आजही आहे. ते कसब पुढच्या पावसाळ्यातही त्याच्या उपयोगी पडेल, एवढी हमी त्याला हवी आहे.