गिरणी कोण चालवणार?

मेलेल्या माणसाला जिवंत करण्याचे काम मी एकदा केले आहे आणि त्याचे मानधनही घेतले आहे. तेव्हा पुढचा मजकूर न्यायाधीशाच्या खुर्चीतून नव्हे, आरोपीच्या पिंजऱ्यातून लिहिला आहे असे समजावे.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका मराठी दैनंदिन मालिकेचे संवाद लिहीत होतो. नायकाचे काम करणाऱ्या नटाला सिनेमा मिळाला आणि तो मालिका सोडून गेला. रीतीप्रमाणे आम्ही त्याला घाटातल्या अपघातात मारले. प्रेत सापडले नाही. आमच्या धंद्यात प्रेत सहसा सापडत नाहीच. कोणता सिनेमा पडेल आणि कोण परत येईल, सांगता येत नाही.

मालिकेतल्या नायकाची तालुक्याच्या गावात पिठाची गिरणी होती. तो गेला आणि कथेत पोकळी पडली. ती भरायला नायिकेला गिरणीत उभे करणे भाग होते. यात आमचा काही पुरोगामी विचार नव्हता, एपिसोड भरायचे होते. पण लिहिता लिहिता ती बाई आमच्या हाताबाहेर गेली. ती पट्टा चढवायला शिकली. दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावायला शिकली. बँकेचा थकलेला हप्ता तिने भरला, उधारीची वही स्वतःच्या अक्षरात सुरू केली, आणि एका भांडणाच्या प्रसंगात दिराला म्हणाली, “दळण तोलून घेईन, शब्दसुद्धा तोलूनच घेईन.” त्या आठ महिन्यांत मी जे लिहिले, तेवढे बरे त्याआधी किंवा नंतर कधी लिहिले नाही.

मग नटाचा सिनेमा पडला. वाहिनीवरून निरोप आला, ‘त्याला परत आणा.’ स्मृतिभ्रंश, आश्रम, एक दयाळू वैद्य, असे सगळे नेहमीचे सामान आम्ही जमवले. परतीच्या प्रसंगात नायिका दारात त्याच्या पाया पडते आणि पदराची गाठ सोडून गिरणीच्या किल्ल्या त्याच्या हातात देते, असे मी लिहिले. चित्रीकरणाआधी त्या नटीने मला बाजूला घेतले आणि विचारले, “दादा, या आठ महिन्यांत मी जे शिकले, ते ह्याला कधी सांगणार?” मी म्हणालो, “पुढच्या आठवड्यात.” तो आठवडा मी कधीच लिहिला नाही.

परतीचा एपिसोड धो धो चालला. महिन्याभरात पत्रांचा गठ्ठा आला, बहुतेक आनंदाची. त्यात एक पोस्टकार्ड होते, शाळेतल्या मुलाकडून लिहून घेतल्यासारखे अक्षर. त्यात दोनच ओळी होत्या: ‘तिचा नवरा आला, बरे झाले. आता गिरणी कोण चालवणार ते कळवावे.’

कथेतून काढून टाकलेले आणि नंतर परत आणलेले पात्र या विषयावर आजवर जितकी टीका मी वाचली आहे, ती सगळी या पोस्टकार्डापुढे मला उथळ वाटते.

कारण आपल्याकडे हा वाद ठरावीक दोन बाजूंनी घातला जातो. एक बाजू म्हणते, लेखकाने मारले ते मारले. वाचकांच्या आरडाओरड्याला किंवा प्रकाशकाच्या धनादेशाला भुलून परत आणणे म्हणजे कलेशी बेइमानी. दुसरी बाजू म्हणते, पात्र एकदा लोकांचे झाले की लेखकाचा त्याच्यावरचा हक्क संपला. लोकांना हवे असेल तर त्याने आलेच पाहिजे. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात आणि दोघीही एकाच ठिकाणी बघत असतात, ज्या दारातून नायक आत येणार त्या दाराकडे. घरात आधीपासून कोण उभे आहे, याच्याशी दोघींनाही देणेघेणे नसते. माझे म्हणणे एवढेच आहे की परतीचा न्याय परत येणाऱ्यावरून करायचाच नाही. मागे राहिलेल्यांच्या मधल्या वर्षांचे काय झाले, यावरून करायचा.

सगळ्यात गाजलेले उदाहरण घेऊ. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ च्या डिसेंबरात शेरलॉक होम्सला रायशेनबाखच्या धबधब्यात ढकलले. १९०१ मध्ये त्यांनी ‘बास्करव्हिल’ची कादंबरी क्रमशः सुरू केली, पण ती होम्सच्या मृत्यूआधीची हकीकत म्हणून. इथवर व्यवहार चोख आहे. मेलेल्या माणसाची जुनी आठवण सांगायला कुणाची हरकत असणार? १९०३ मध्ये मात्र ‘रिकामे घर’ या कथेत होम्स सदेह परतला. टीकाकार आजही विचारतात की तो कड्यावरून वाचला कसा. मला त्या कड्यात रस नाही. मी डॉ. वॉटसनकडे बघतो.

होम्स जिवंत आहे हे तीन वर्षे त्याच्या भावाला ठाऊक होते. ज्याने धबधब्याशी उभे राहून हाका मारल्या, त्या वॉटसनला नव्हते. त्या काळात वॉटसनची बायको गेली. लेखक तिचे नावही घेत नाही, एका ओझरत्या उल्लेखात तिला उरकतो. होम्स समोर उभा राहिल्यावर वॉटसनला घेरी येते. तेवढी एक घेरी त्याच्या तीन वर्षांच्या शोकाच्या खाती जमा. पुढच्याच कथेत कळते की त्याने दवाखाना विकला आणि तो बेकर स्ट्रीटवर परत राहायला आला. दवाखाना घेणारा तरुण डॉक्टर होम्सचा लांबचा नातलग होता आणि पैसे खुद्द होम्सनेच पुरवले होते, हे वॉटसनला काही वर्षांनी समजते. डॉयल हे गमतीने सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. विधुर झालेल्या माणसाचे उरलेसुरले स्वतंत्र आयुष्य त्याला न सांगता विकत घेतले गेले, कारण जुन्या कथांची मांडणी पुन्हा लावायची होती: दोन खुर्च्या, शेकोटी, जिन्यावर पावले. वॉटसनलाही गिरणी होती. तिच्या किल्ल्या अशा गेल्या.

दूरचित्रवाणीने हेच काम घाऊक भावात केले. अमेरिकेतल्या ‘डॅलस’ मालिकेत बॉबी यूइंग १९८५ मध्ये मेला आणि १९८६ मध्ये स्नानगृहातून हसत बाहेर आला. मधला अख्खा हंगाम त्याच्या बायकोला पडलेले स्वप्न ठरला. त्या वर्षात त्या बाईने जे काही भोगले, ठरवले, उभे केले, ते एका आंघोळीत वाहून गेले. आपल्याकडे ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००० साली सुरू झाली. तिच्यातला मिहीर विराणी गेला तेव्हा घराघरांतून हळहळ उठली आणि प्रेक्षकांच्या आग्रहापुढे तो परत आला. त्या प्रेक्षकांना हसणारे पुष्कळ आहेत. मी हसणार नाही. कल्पित माणसासाठी खरे पाणी डोळ्यांत येणे ही वाङ्मयाची पहिली मिळकत आहे. मला राग येतो तो ही मिळकत खर्ची पडल्यावर ‘काही झालेच नव्हते’ असे सांगणाऱ्यांचा. त्या सांगणाऱ्यांत मीही होतो.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे आणि तो इतिहासाने दिला आहे: तोतया. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पुष्कळांच्या मनाने ते मानले नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य कधी स्वीकारलेच नाही. या न मिटलेल्या आशेच्या जोरावर एक इसम ‘मीच भाऊसाहेब’ म्हणून उभा राहिला, लोक त्याच्यामागे गेले, आणि अखेर चौकशी होऊन १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. ही कथा नव्हे, घडलेली गोष्ट आहे. पण कथाकाराने तिच्यातून एक कसोटी उचलावी. तोतयाकडे चेहरा असू शकतो, आवाज असू शकतो, लकबीही असू शकतात. त्याच्याकडे मधली वर्षे नसतात. आपल्या बहुतेक कथांत नायक म्हणून जो परततो, तो माझ्या लेखी तोतयाच आहे. त्याचा चेहरा जुळतो, पण हिशेब जुळत नाही.

‘मग काय, परत आणूच नये?’ असे कुणी विचारील. आणावे की! कसे आणावे याचा धडा महाराष्ट्रात बसूनच लिहिला गेला आहे, फक्त तो बांग्लात आहे म्हणून आपण वाचत नाही. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ च्या सुमारास व्योमकेश बक्षी जन्माला घातला, सत्यवतीशी त्याचे लग्न लावून दिले, आणखी काही कथा लिहिल्या आणि ते थांबले. १९३८ मध्ये ते चित्रपटांच्या लेखनासाठी मुंबईला आले. व्योमकेश सुमारे पंधरा वर्षे गप्प राहिला. तो मेला नव्हता, नुसता लिहिला जात नव्हता, आणि पात्राच्या दृष्टीने यात फारसा फरक नाही. १९५१ मध्ये ‘चित्रचोर’ कथेतून तो परतला. पुढच्याच वर्षी शरदिंदु पुण्याला राहायला आले आणि १९७० मध्ये निधन होईपर्यंत पुण्याचेच राहिले. म्हणजे कोलकात्याच्या या सत्यान्वेषीचे उत्तरायुष्य बरेचसे पुण्यात लिहिले गेले.

आता तो परततो कसा ते पाहा. वेषांतर नाही, कडा नाही, टाळ्या नाहीत. आजारातून उठलेला, अशक्त, संथाळ परगण्यातल्या एका गावी हवापालटासाठी आलेला नवरा, आणि त्याच्या खाण्यापिण्यावर कडक नजर ठेवणारी बायको. दार उघडून नायक आत येत नाही. आपणच दार उघडून एका चालत्या संसारात जातो. पंधरा वर्षे वाया गेलेली नाहीत, त्या दोघांच्या बोलण्यात ती मुरली आहेत. पुढच्या कथांत व्योमकेशचे वय वाढते, मूल मोठे होते, ‘आदिम रिपू’त १९४६ च्या दंगली आणि स्वातंत्र्याचा दिवस येतो. आणि मित्र अजित, म्हणजे त्यांचा वॉटसन? त्याला पुढे पुस्तकांचा धंदा मिळतो, आणि शेवटच्या काही कथांत तो निवेदकही राहत नाही. मित्राच्या सावलीतून बाहेर पडून त्याला स्वतःचे काम असू दिले जाते. डॉयलनी वॉटसनचा दवाखाना विकायला लावला. शरदिंदूंनी अजितला दुकान दिले. परत आलेल्या नायकाची लायकी मी या एका फरकावरून ठरवतो.

यावर माझ्या जुन्या व्यवसायातले मित्र म्हणतील, ‘हे तुझे मासिकातले बोलणे झाले. प्रेक्षकाला मधल्या वर्षांचा हिशेब नको असतो, त्याला नायक हवा असतो.’ हे मी बैठकींत शंभर वेळा ऐकले आहे आणि मान डोलावून मान्यही केले आहे. पण मग ते पोस्टकार्ड कुणी लिहिले? ते कुणा समीक्षकाचे नव्हते. तिला नायक आल्याचा आनंदच झाला होता, तसे तिने आधी लिहिले. आनंद झाल्यावरही तिला हिशेब हवा होता. पाहणाऱ्याला दोन्ही हवे असते. त्यातले एकच देणे आम्हाला सोपे पडत होते, म्हणून त्याला आम्ही ‘लोकांची आवड’ असे नाव दिले.

आणि हा प्रश्न केवळ कारागिरीचा असता तर मी एवढा चिडलो नसतो. जिचा नवरा परदेशी, तुरुंगात, दारूत किंवा दुसऱ्या घरी वर्षानुवर्षे हरवला आणि एक दिवस दारात उभा राहिला, अशा बाया आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्याने नसण्याच्या काळात तिने जे उभे केले, ते तो आल्याक्षणी त्याचे होते की तिचे राहते, हा त्यांच्या घरातला रोजचा प्रश्न आहे. आम्ही रोज रात्री अर्धा तास त्यांना त्याचे उत्तर देत होतो: पाया पड, किल्ल्या दे.

म्हणून लिहिणाऱ्यांना माझी विनंती नाही, मागणी आहे. मारा, परत आणा, पुन्हा मारा. पैशासाठी आणा, लोकांसाठी आणा, मला त्याचे सोयरसुतक नाही. पण त्याला दारातून आत घेण्याआधी जी व्यक्ती त्याच्यावाचून जगली, तिला विचारा की बाई, तू काय काय शिकलीस? ते सगळे आधी लिहून काढा. मग त्याला आत घ्या, आणि आत आल्यावर त्याला ते ऐकायला लावा.

त्या पोस्टकार्डाला मी उत्तर पाठवले नाही. पाठवण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. आज आहे. बाई, गिरणी तिनेच चालवायला हवी होती. त्याला दळणाच्या रांगेत उभे करायला हवे होते, डबा घेऊन. ते मी लिहिले नाही, चूक माझी.