डोकी मोजता, वाटा कोण मोजणार?



26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा काढला. क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर. चार गोवे त्यात जवळजवळ मावतील! माणसे मात्र 2011 च्या जनगणनेत पावणेअकरा लाखांच्या आसपास. कोल्हापूर जिल्ह्याचे क्षेत्र याच्या निम्मे, माणसे साडेतीनपट.

आता मायबाप सरकारचा हिशेब पाहा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी स्थानिक संस्थांचा पैसा राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला 90 टक्के वजन दिले, क्षेत्रफळाला 10. राज्य वित्त आयोगाची शिफारस नसेल तर राज्याच्या आतही हेच प्रमाण लावा, असेही सांगून ठेवले.

जिल्हा परिषदेचे गट लोकसंख्येवर पाडतात, त्याबद्दल भांडण नाही. मत माणसाचे असते, झाडाचे नव्हे. पण रस्ता डोकी पाहून आखूड होतो काय? दहा घरांच्या टोल्यालाही तेवढ्याच किलोमीटरची खडी लागते, नाल्यावर तेवढाच पूल लागतो. 2019 च्या एकाच पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागड कितीदा तरी तुटले. त्या तालुक्यात एकेका ग्रामपंचायतीखाली अनेक गावे. ग्रामसेवकाची सही हवी तर मजुरी बुडवून रान तुडवायचे, आणि तो तालुक्याला गेला असेल तर परत यायचे. मुंबईत बसून याला ‘मागासलेपण’ म्हणतात.

यावर उपाय कायद्यातच आहे. 1996 च्या पेसा कायद्याने टोल्यालाही गाव मानता येते, त्याची ग्रामसभा होते. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे पाचशेच्या आसपास वस्तीचे गाव. 2009 मध्ये त्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू वाहतुकीचा परवाना वनखाते सोडीना! माल आमचा आणि नाका तुमचा, हा खेळ कांदा-कापूसवाल्यांना नवा नाही. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा गावाला आपला बांबू आपण विकता आला. एका पुस्तकासाठी दिल्लीचा मंत्री गावात यावा लागला.

म्हणून जिल्हा बैठकीत दोन ठराव मांडावेत. पंचायतींच्या निधीत क्षेत्रफळाचे आणि रस्त्याच्या लांबीचे वजन वाढवा. आणि मागणाऱ्या प्रत्येक टोल्याला पेसाखाली गाव म्हणून जाहीर करा, त्याच्या बांबू-तेंदूचा पैसा थेट त्याच्याच ग्रामसभेच्या खात्यात जाऊ द्या. भामरागड-एटापल्लीकडच्या भावांना लांबून यावे लागते. बैठकीची तारीख ठरवताना तेवढे ध्यानात ठेवा.