मोटर किती वेळ चालवायची?

"वहिनी, मोटर बंद करा ना! टाकी सांडून रायली!"

वाशीममधल्या आमच्या गल्लीत सकाळ अशीच उजाडते. आज माझी टाकी, उद्या समोरच्यांची. तव्यावर पोळी, मुलांचे डबे, त्यात मोटरचं कुणाच्या लक्षात राहणार? सांडली की कळतंच!

मीही असंच म्हणायची. पण मागच्या एप्रिलमध्ये पलीकडच्या काकू रिकामा हंडा घेऊन दारात आल्या. घरात बाळंतीण सून. "आमच्या बोअरले पाणी कमी, नुसती हवा येते. एक हंडा देता का?" त्याच वेळी माझी टाकी धो धो सांडत होती. काकू काही बोलल्या नाहीत. मलाच मान वर करवेना.

माझ्यामुळेच त्यांचा बोअर आटला, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण आपल्या भागात खाली काळा खडक. पाणी साठतं ते त्याच्या भेगांमध्ये. ती भेग कुंपण पाहून थांबत नाही. दोन बोअर एकाच भेगेवर असले, तर माझा जास्तीचा उपसा शेजारणीला भोवतो.

त्या दिवशी मी घड्याळ घेऊन गच्चीवर गेले. १५ लिटरची बादली टाकीवरच्या पाइपाखाली धरली. ३० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला ३० लिटर. आता गरज किती? 'जल जीवन मिशन'मध्ये खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटरचा हिशेब धरलाय, शहरासाठीचा सरकारी हिशेब १३५ लिटरचा. आम्ही पाच जण. शहराचा सढळ हिशेब धरला तरी ६७५ लिटर, म्हणजे जेमतेम २३ मिनिटं! आणि आमची मोटर चालायची पाऊण तास.

तुम्ही म्हणाल, दहा मिनिटं सांडलं तर काय बिघडलं? दहा मिनिटं म्हणजे ३०० लिटर. रोज सांडलं तर वर्षाला एक लाखाच्या वर. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, आठवतं? त्या गाडीच्या एका डब्यात सुमारे ५० हजार लिटर पाणी मावायचं. म्हणजे एकट्या माझ्या गच्चीवरून वर्षाला दोन डबे वाहून जात होते!

"लाइट गेली तर काय करू?" ही आपली जुनी भीती. लोडशेडिंगचे ते दिवस आपण सगळ्यांनीच भोगलेत. लाइट आली की धावत जाऊन बटण दाबायचं, ही सवय तिथलीच. पण बायांनो, भरलेल्या टाकीत आणखी पाणी मावत नाही. लाइटचा भरवसा नसेल तर टाकी मोठी घ्या, मोटर जास्त वेळ चालवून काय उपयोग?

आता मी सकाळी १५ आणि संध्याकाळी १० मिनिटं मोटर लावते. मध्ये बोअरला पाणी भरायला उसंत मिळते. पाण्यासोबत हवा फेकायला लागली की लगेच बंद. कोरडी मोटर जळते, आणि ती वर काढून दुरुस्त करायचा खर्च घरखर्चातूनच जातो. शिवाय एक एचपीची मोटर तासाला पाऊण ते एक युनिट वीज खाते, ते वेगळंच.

आणि नळाला थेट मोटर? ती एक मिनिटही नको. एकबुर्जी धरणाचं पाणी आधीच मोजून मिळतं. मोटर लावली की पुढच्या घरचा नळ कोरडा. वर पाइप कुठं फुटका असेल, तर त्या ओढीनं गटारीची घाण आत येते. ती पितात आपलीच लेकरं.

मोटर कोणती घ्यायची, हे बहुतेक घरांत पुरुष ठरवतात. पण रोजचं बटण आपल्याच हाती असतं ना? मग हिशेबही आपणच ठेवू. प्रत्येकीच्या मोटरची मिनिटं वेगळी येतील, कारण बोअरची खोली वेगळी, घरातली माणसं वेगळी. त्यासाठी एक बादली अन् एक घड्याळ पुरे.

माझ्या मोबाइलचा गजर हल्ली पंधराव्या मिनिटाला वाजतो. पोळी तव्यावर असली तरी गॅस बारीक करून मी आधी मोटर बंद करते. काकूंचा तो रिकामा हंडा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.