विमान रद्द झाले, भरपाईचे काय?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचे वेळापत्रक कोसळले आणि ५ तारखेला एकाच दिवशी तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम कंपनीला पेलले नाहीत, हे कारण पुढे आले. वास्तविक हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते! म्हणजे हे संकट काही अस्मानी नव्हते. सरकारने दटावल्यावर परताव्याचे पैसे निघाले. फार हाल झालेल्यांना दहा हजारांची व्हाउचर्स जाहीर झाली. तीही रोख नव्हे, तर त्याच कंपनीच्या पुढच्या प्रवासासाठी.

गाजावाजा झाला म्हणून एवढे तरी पदरात पडले. एरवी एखाद्या साध्या मंगळवारी विमान रद्द झाले तर? कल्याण-डोंबिवलीच्या कुटुंबाला पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्रीच टॅक्सी करावी लागते. त्या टॅक्सीचा आणि परतीच्या फेऱ्याचा हिशेब कोणी धरत नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नियमावली २०१० पासूनची आहे. किमान २४ तास आधी न कळवता उड्डाण रद्द केले, तर तिकिटाचा परतावा किंवा दुसरे विमान, आणि त्याशिवाय उड्डाणाच्या कालावधीनुसार ५, साडेसात किंवा १० हजार रुपये. मात्र खरी मेख पुढेच आहे. ही रक्कम किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल तेच मिळते! नागपूरचे तिकीट तीन हजारांत काढले असेल, तर भरपाईही त्याच घरातली. वादळ, धुके, संप, सुरक्षेचा धोका अशा कारणांसाठी तर तीही नाही. शिवाय तिकीट काढताना प्रवाशाचा संपर्क क्रमांक नीट दिलेला नसेल, तर भरपाईवर पाणी. आपल्याकडे स्टेशनजवळचा एजंट सर्रास स्वतःचाच नंबर टाकतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

विलंबाबाबत तर नियम फारच उदार आहे, अर्थात कंपनीच्या बाबतीत. तासन्‌तास बसवून ठेवले तर खाणेपिणे, सहा तासांहून अधिक विलंब असेल तर दुसरे विमान किंवा परतावा, रात्र काढावी लागली तर हॉटेल. रोख भरपाई एक रुपयाही नाही. युरोपीय संघाने २००४ च्या कायद्यात २५० ते ६०० युरो भरपाई ठरवली आणि तिथल्या न्यायालयाने २००९ मध्ये तीन तासांच्या विलंबालाही ती लागू केली. तेथून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तो कायदा लागू होतो. मुलाकडे जर्मनीला जाऊन परतणाऱ्या ठाण्याच्या आईवडिलांना हा हक्क आहे, पण तो मागतो कोण?

मागण्याची जागा घराजवळ आहे. पूर्वी कंपनीचे कार्यालय कुठे, हा प्रश्न आडवा येई. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करण्याची मुभा दिली. तेव्हा डोंबिवलीकराने ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. नियमावलीत न बसणारे टॅक्सीचे भाडे, बुडालेले हॉटेलचे पैसे, मनस्ताप, सारे इथे मागता येते. निकालाला कायद्यातल्या मुदतीपेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो, हे खरेच. तक्रारीची मुदत मात्र दोन वर्षांची आहे. डिसेंबर २०२५ मध्ये अडकलेल्यांची ती डिसेंबर २०२७ मध्ये संपते.