करंबळ आणि कॅरम

रमजानमध्ये तरावीहनंतर आमच्या मोहल्ल्यात कॅरमची टकटक सुरू होते. (चहाचीही पैज आम्ही लावू देत नाही, त्यावरून रोज कुरकुर!) रेषेमागची सोंगटी थेट मारता येत नाही, स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून परत आणावा लागतो.

‘कॅरम’ हे नाव मूळ बिलियर्ड्सचे. त्याच्या एका प्रकारात टेबलाला पॉकेटच नसते. आपला चेंडू एका फटक्यात इतर दोन्ही चेंडूंना लागला की एक गुण, तोच कॅरम. पुढे इंग्रजीत आपटून उसळण्यालाही हाच शब्द आला. ‘थ्री कुशन’मध्ये तर दुसऱ्या चेंडूला लागण्याआधी कडांवर किमान तीनदा आपटावे लागते.

इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमधून घेतला, फ्रेंचांनी स्पॅनिश ‘कारांबोला’वरून. कारांबोला म्हणजे लाल चेंडू. पोर्तुगीजमध्ये मात्र ते एक आंबट फळ, आडवे कापले की चांदणी दिसणारे. आणि फळाचे ते नाव आले आपल्या मराठी ‘करंबळ’वरून! चेंडूला फळाचेच नाव मिळाले असावे, असा कोशकारांचा कयास आहे.

आमची मुले या फळाला ‘स्टार फ्रूट’ म्हणतात. कोकणातल्या वाचकांनो, तुमच्या अंगणात त्याला काय म्हणतात, जरूर कळवा.